दुखतं पोट, आजार मणक्यात

प्रश्न : माझ्या वहिनीचं पाच महिने बेंबीभोवती दुखत होतं. आधी पित्त म्हणून, मग जंत म्हणून, मग अपेंडिक्सची शंका म्हणून औषधं झाली. दोनदा सोनोग्राफी केली, दोन्ही वेळा 'काही नाही' असंच उत्तर आलं. शेवटी एमआरआय झाला आणि डॉक्टर म्हणाले, मणक्याचा टीबी आहे. तिला खोकला नाही, थुंकीत रक्त नाही. मग टीबी कसा? आणि तो पाठीत असेल तर पोट का दुखत होतं? घरात दोन लहान मुलं आहेत. तिची ताटवाटी वेगळी करावी का?
— एक वाचक, मसोली, डहाणू

उत्तर : सगळ्यात आधी एक दिलाशाची गोष्ट. वहिनींचा आजार सापडला आहे आणि तो औषधाने बरा होणारा आहे. पाच महिने सगळे अंधारात चाचपडत होते, तो काळ संपला. आता तुमच्या शंका एकेक करून सोडवू. दुखणं पुढे आणि आजार मागे, हे पहिलं कोडं. क्षय आहे पण खोकला नाही, हे दुसरं. तिसरी मुलांची काळजी. तिन्ही एकाच धाग्यात गुंफलेली आहेत.

दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की झिणझिण्या कुठे येतात? करंगळीत. करंगळीला तर काहीच लागलेलं नसतं. पण करंगळीकडून निघालेली नस कोपरापाशी हाडाला लागून वर जाते. वाटेत तिला कुठेही धक्का बसला, तरी निरोप करंगळीकडूनच आला असं मेंदू समजतो. पाठ आणि पोट यांच्यातही हेच घडतं.

पाठीच्या कण्यात छातीच्या भागात १२ आणि कमरेच्या भागात ५ मणके असतात. दर दोन मणक्यांच्या फटीतून डावी-उजवी अशी नसांची जोडी बाहेर पडते. छातीच्या भागातल्या नसा बरगड्यांच्या कडेने वळसा घेत पुढे येतात आणि त्यातल्या खालच्या सहा जोड्या पोटाच्या भिंतीपर्यंत पोचतात. दहाव्या जोडीचा इलाखा बेंबीभोवतीचा, बाराव्या जोडीचा ओटीपोटाच्या तळाचा. क्षयाने मणका पोखरला, तिथे सूज आली किंवा पू साचला, की शेजारची नस दाबली जाते. ती दहावी असेल, तर माणूस बेंबीवर हात ठेवून सांगतो, 'इथे दुखतंय.' तो खरंच सांगत असतो. दुखणं तिथेच जाणवतं, फक्त त्याचा उगम हातभर मागे असतो.

अशा दुखण्याच्या काही खुणा असतात. ते बहुधा जेवणाशी बांधलेलं नसतं. उपाशीपोटी वाढलं, खाल्ल्यावर थांबलं, असा हिशेब लागत नाही. उलट खोकताना, शिंकताना, वाकताना, खड्ड्यातून रिक्षा आदळली की ते उसळतं. कधी कमरेला दोरी आवळल्यासारखं पाठीकडून पुढे येतं. संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, भूक मंदावणं, महिन्यामागे महिना वजन उतरणं, यातलं काही सोबत असेल तर शंका पक्की होत जाते. पण ही सोबत प्रत्येकाला असतेच असं नाही, म्हणून ताप नाही एवढ्यावरून क्षय नाही असं म्हणता येत नाही.

पोटापर्यंत यायची दुसरीही एक वाट आहे. कौलारू घरात पावसाळ्यात कधी गळती शोधली असेल, तर ती चटकन कळेल. थेंब पडतो चुलीपाशी, म्हणून आपण चुलीवरची कौलं परततो, तरी गळती थांबत नाही. कारण फुटकं कौल असतं आढ्यापाशी. पाणी तिथे शिरतं, वाशावरून उतरत येतं आणि भलतीकडे ठिबकतं. कमरेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंनी एकेक जाड, लांब स्नायू चिकटलेला असतो. त्याचं नाव सोअस. तो पोटाच्या मागच्या बाजूने खाली उतरतो आणि जांघेतून मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. गुडघा वर उचलायचं काम त्याचं. मणक्यात तयार झालेला पू या स्नायूच्या वेष्टनात शिरला, की वाशावरच्या पाण्यासारखा हळूहळू खाली सरकतो आणि ओटीपोटात नाहीतर जांघेत गाठ होऊन बसतो.

या गाठीला 'थंड गळू' म्हणतात. नेहमीचं गळू लाल होतं, तापतं, ठणकतं. हे तसं करत नाही, म्हणून लवकर लक्षातही येत नाही. ते उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्ससारखं दुखतं, जांघेत उतरलं तर हर्निया वाटतो. रुग्ण मात्र नकळत एक खूण देत असतो. तो मांडी पोटाशी घेऊन पडतो, कारण पाय सरळ केला की सोअस ताणला जातो आणि कळ येते.

हा प्रवास फार जुना आहे. इजिप्तमध्ये सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या, आमोन देवाच्या एका पुजाऱ्याच्या ममीत पाठीचे मोडलेले मणके आणि त्याच सोअस स्नायूत उतरलेल्या गळवाची खूण सापडली. १९१० साली तिचं वर्णन छापलं गेलं. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीला येणारं कुबड आणि पायांतलं बळ जाणं यांचा संबंध नीट मांडला, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत या आजाराला आजही 'पॉटचा आजार' म्हणतात. पण हे नेमकं कशाने होतं, ते पॉट यांना माहीत नव्हतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगासमोर ठेवला तो २४ मार्च १८८२ रोजी. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन.

आता दुसरं कोडं. खोकला नाही तर क्षय कसा? क्षय म्हणजे फुप्फुसाचाच रोग, ही आपल्याकडची सगळ्यात घट्ट बसलेली समजूत. जंतू शरीरात शिरतो तो बहुतेक वेळा श्वासातून, हे खरं. पण फुप्फुसात तो कायम मुक्काम करतोच असं नाही. पुष्कळदा तिथे शरीर त्याला काबूत आणतं, काही लक्षणही दिसत नाही. मात्र त्याआधी थोडे जंतू रक्तात उतरलेले असतात. रक्त जिथे भरपूर खेळतं, तिथे ते जाऊन बसतात. मणक्याचा पुढचा जाड भाग अशीच एक जागा आहे. तिथे ते कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं गप्प राहतात आणि अंगातली ताकद कमी पडली की डोकं वर काढतात. अशक्तपणा, मधुमेह, एचआयव्ही ही त्याची नेहमीची निमित्तं.

एक बारकावा इथेच सांगतो, म्हणजे एमआरआयचा अहवाल वाचताना घाबरायला होणार नाही. अहवालात बहुधा लागून असलेले दोन मणके बिघडलेले दिसतात. एकच रक्तवाहिनी दोन फाटे फोडून वरच्या मणक्याच्या खालच्या कडेला आणि खालच्या मणक्याच्या वरच्या कडेला रक्त पुरवते. जंतूही त्याच दोन फाट्यांनी जातात. 'दोन मणके' याचा अर्थ आजार दुप्पट वाढला असा नाही. त्याची मूळ चालच तशी असते.

क्षयाच्या दर शंभर रुग्णांत मणक्याचे साधारण एक-दोनच असतात. पण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण एकट्या भारतात आहेत, त्यामुळे हे एक-दोनही आपल्याकडे मोठी संख्या होते. आणि तो कुणालाही होतो. अमिताभ बच्चन यांना २००० साली, 'कौन बनेगा करोडपती'च्या सुरुवातीच्या दिवसांत, मणक्याचाच क्षय झाला होता. त्यांनी ते पुढे जाहीरपणे सांगितलं, औषधं पूर्ण घेऊन बरं झाल्याचं सांगितलं आणि क्षयाविरुद्धच्या मोहिमेला आपला आवाज दिला. त्यामुळे 'आमच्या घरात हा रोग आलाच कसा' अशी लाज धरायचं काहीच कारण नाही.

मग दोन सोनोग्राफी झाल्या तरी तो सापडला का नाही? कारण प्रत्येक तपासणीची नजर वेगळी असते. सोनोग्राफी यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय असे मऊ अवयव दाखवते. हाडावर तिच्या लहरी आपटून परततात, हाडाच्या आतलं तिला दिसत नाही. सोअसमध्ये मोठं गळू झालं असेल तर तिला दिसू शकतं, पण तपासणाऱ्याने तिथे शोधायला हवं. एक्स-रेचंही तसंच. मणक्यातला निदान तिसरा हिस्सा, कधी अर्धाही चुना झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेत फरक दिसत नाही. तोवर काही महिने उलटलेले असतात. छातीचा एक्स-रे तर अशा पुष्कळ रुग्णांत स्वच्छ येतो. एमआरआय मात्र मणक्यातली सूज अगदी लवकर टिपतो.

तरीही केवळ चित्रावर विसंबून चालत नाही. दुसऱ्या जंतूंनी किंवा कर्करोगानेही मणका बिघडतो. म्हणून शक्य असेल तिथे सीटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून मणक्यातला तुकडा किंवा पू काढतात आणि सीबीनॅट या यंत्रावर तपासतात. क्षयाचा जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्याला लागू पडतं का, हे ते यंत्र साधारण दोन तासांत सांगतं. तुमच्या वहिनींची ही तपासणी झाली नसेल, तर 'तिची गरज आहे का?' एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

आता तुमच्या मनाला सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न, मुलांचा. क्षय पसरतो तो फुप्फुसाच्या रुग्णाच्या खोकल्यातून हवेत उडालेल्या बारीक कणांनी. मणक्यातल्या जंतूंना हवेत यायला वाटच नसते. म्हणून फक्त मणक्याचा क्षय असलेल्या माणसाकडून तो जेवणातून, कपड्यांतून, शेजारी झोपण्यातून दुसऱ्याला होत नाही. ताटवाटी वेगळी करू नका. मुलांना आईजवळ जाऊ द्या. खबरदारी म्हणून वहिनींच्या छातीचा एक एक्स-रे मात्र झालेला असावा, म्हणजे फुप्फुसातही काही नाही याची खात्री होईल.

उलट एक विचार घराने करायला हवा. वहिनींना हा जंतू कुणाच्या तरी खोकल्यातून मिळाला आहे. तो माणूस वर्षांपूर्वीचा असेल, गावातला असेल किंवा घरातलाच असेल. म्हणून घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, मुलांपैकी कुणाचं वजन वाढत नसेल, तर त्यांची तपासणी करून घ्या. शोधायचं असेल तर खोकणाऱ्याला शोधा, वहिनींना कोपऱ्यात बसवू नका.

उपचाराचं गणित साधं आहे, पण लांबलचक आहे. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं, पुढे दहा महिने पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन. म्हणजे एकूण किमान बारा महिने, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर आणखी काही. फुप्फुसाच्या साध्या क्षयाला सहा महिने पुरतात, मग याला दुप्पट का? हाडात औषध शिरायला वेळ लागतो, जंतू तिथे दडून बसतात आणि झिजलेलं हाड भरून यायलाही वेळ द्यावा लागतो.

रिफॅम्पिसिनमुळे लघवी केशरी-लाल होते, ते रक्त नसतं. त्यामुळे गोळ्या बंद करू नका. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधुक झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

खरी कसोटी येते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. तोवर ताप जातो, भूक लागते, पोटाचं दुखणं ओसरतं. माणसाला वाटतं, झालं बरं. डहाणू-तलासरीकडे याच्या जोडीला कामाचा हंगाम येतो. भाताची कापणी आटोपली की कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, वसई-भिवंडीकडे, नाहीतर हद्द ओलांडून उंबरगाव-वापीकडे कामाला निघतात आणि गोळ्या मागे राहतात. अर्धवट औषध घेतलं की उरलेले जंतू त्या औषधाला पचवायला शिकतात आणि पुढचा उपचार अवघड होतो. म्हणून बाहेरगावी जायचंच असेल तर आधी औषध देणाऱ्या केंद्रात सांगा. क्षयरुग्णांच्या 'निक्षय' या सरकारी यादीतली नोंद साऱ्या देशात एकच असते. तिच्या आधारे औषध दुसऱ्या जिल्ह्यात, अगदी गुजरातेतही, सुरू ठेवता येतं.

ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. डहाणू आणि कासा इथली उपजिल्हा रुग्णालयं, तलासरीचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, कुठूनही सुरुवात करता येते. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी बँक खात्यात पैसे येतात. २०१८ मध्ये ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. त्यातून अंडी, डाळ, शेंगदाणे, सुकट घरात आली तर ती आधी वहिनींच्या ताटात पडू द्या. आपल्या घरांत बाईचं ताट शेवटी वाढलं जातं. या वर्षभरासाठी तरी तो क्रम बदला. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

ऑपरेशन लागेलच का, असा प्रश्न आता घरात निघाला असेल. पूर्वी अशा रुग्णाला महिनोन् महिने अंथरुणात, प्लास्टरमध्ये जखडून ठेवत. पुढे कोरियात आणि मद्रासमध्ये झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिलं, की योग्य औषधं चालू असतील तर बहुतेक रुग्ण हिंडूफिरूनही बरे होतात. बनारसचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ च्या सुमारास 'मध्यम मार्ग' मांडला. आधी औषध द्यायचं, रुग्णावर बारीक लक्ष ठेवायचं, आणि पायांतलं बळ कमी होऊ लागलं, मणका फार ढासळला किंवा गळू औषधाला दाद देईना, तरच शस्त्रक्रिया करायची. आजही साधारण हाच विचार चालतो. सुरुवातीचे काही आठवडे विश्रांती, गरजेप्रमाणे पट्टा, आणि मणका सावरेपर्यंत डोक्यावर हंडा, मोळी, करंडी काही घ्यायचं नाही.

ओझं म्हटलं की एक समजूत निघते. 'आवणीत दिवसभर वाकून, मोळ्या वाहून मणका गेला.' ओझ्याने पाठ दुखते, पण ओझ्याने क्षय होत नाही. तो जंतूमुळेच होतो. ही समजूत धोक्याची अशासाठी, की मग माणूस मणका 'बसवून' घ्यायला जातो. आधीच पोखरलेल्या मणक्यावर कुणी गुडघा देऊन दाबलं, कडाकड मोडलं, तर आत चाललेली मज्जारज्जू दुखावू शकते. भगताकडे जाणं हा श्रद्धेचा भाग असेल तर त्यावर वाद घालत नाही. पाठीला जोरकस हात मात्र लावू देऊ नका, आणि गोळी एक दिवसही चुकवू नका.

काही लक्षणं दिसली तर थांबायचंच नाही. चालताना पाय लटपटणं, पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी न कळणं, पाय बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाठीवर मधोमध टेंगूळ वर येणं. यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णालय गाठा. मज्जारज्जूवरचा दाब वेळेत उतरवला, तर गेलेलं बळ पुष्कळदा परत येतं. उशीर झाला तर तेवढी खात्री राहत नाही.

हे वाचून पोट दुखणाऱ्या प्रत्येकाने एमआरआयसाठी धावायचं का? नाही. पोटदुखीची बहुतेक कारणं पोटातच असतात. पित्त, आमांश, जंत, मूतखडा, अपेंडिक्स, बायकांमध्ये गर्भाशय आणि बीजकोशाचे त्रास. आतड्याचाही वेगळा क्षय असतो. आधी तेच तपासणं बरोबर आहे, आणि वहिनींना सुरुवातीला पित्ताचं औषध मिळालं यात नवल नाही. चूक होते ती पुढे. दुखणं महिना-दीड महिना हटत नाही, पोटाच्या तपासण्या साफ येतात, तरी औषधं पोटाचीच बदलत राहतात. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

अशा वेळी पैसा न लागणारी एक तपासणी असते, जुने डॉक्टर मुलांची तर हमखास करत. जमिनीवर रुपयाचं नाणं टाकायचं आणि उचलायला सांगायचं. निरोगी मूल कमरेत वाकतं आणि झटकन उचलतं. मणका दुखणारं मूल पाठ फळीसारखी ताठ ठेवतं, गुडघे वाकवून खाली बसतं, नाणं घेतं आणि मांडीवर हात टेकत वर येतं. एवढ्याने निदान होत नाही. पण पाठ काहीतरी सांगते आहे, एवढं नक्की कळतं. मग डॉक्टर मणक्यांवरून एकेक करत बोट फिरवतात आणि एका ठिकाणी रुग्ण अंग चोरतो. कित्येकदा शोध तिथूनच सुरू होतो.

म्हणून वहिनींचा हा अनुभव घरातच ठेवू नका. वाडीतल्या कुणाचं पोट असंच महिनोन् महिने दुखत असेल, तर त्यांना एवढंच सांगा, की पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा पोट दाखवून उठू नका. पालथं वळा आणि म्हणा, 'डॉक्टर, एकदा पाठही बघा.'